पोगबीआत्याच्या चाळीस गाठी

आमच्या गावात दोन प्रकारची माणसं आहेत. ज्यांच्यावर पोगबीआत्याचा संशय आहे ती, आणि ज्यांच्यावर अजून यायचा आहे ती.

आधी ती अशी नव्हती म्हणतात. ती बिघडली गेल्या वर्षी. गावाच्या तीळ मंडळाची ती प्रमुख, आणि नेमकी आमची सगळी पोती बोबो शहरातल्या गोदामातून परत आली. तिळात खडे! माल जपानला जाणारा. खरेदीचा माणूस बादिनी नाकातून बोलतो, शिव्यासुद्धा नाकातूनच देतो. तो म्हणाला, "पुन्हा खडे निघाले तर तुमचं गाव यादीतून कायमचं बाद."

मग रस्त्यावरच्या दलालांना मिळेल त्या भावात तीळ घालायचे. ते एकदा केलंय, पुन्हा नको.

यंदा आत्याने बोंडं उकलायच्या आत कापणी करवली. पेंढ्या चटयांवर उभ्या केल्या, झोडपणी ताडपत्रीवर. शिवाय प्रत्येक पोत्यातली चिमूट ती स्वतः चावायची. डोळे मिटून, मान तिरकी, जणू दाताखालून कुणी चहाडी सांगतंय.

"हं. साफ आहे," म्हणायची. पण अशा आवाजात, की साफ असणं हाच गुन्हा.

मग सगळ्यांत थोरली म्हणून प्रत्येक पोत्यातली ओंजळ पूर्वजांच्या नावाने जमिनीला द्यायची, पोतं शिवायची आणि वर तिची ती तिहेरी गाठ मारायची. चाळीस पोती, चाळीस गाठी. पोती तिच्याच खोलीत, दारात तिचीच खाट.

तिचा खास संशय शेजारच्या नोआगावर. खडे निघाले त्याच वर्षी त्याने सायकल घेतली होती ना!

"ताई, खडे विकून सायकल येते का?" त्याने एकदा विचारलं.

"वजनात घालून येते."

सकाळी भेटलं की घरच्यांची, पिकाची, बकऱ्यांची, सगळ्यांची चौकशी करायची आमची रीत. नोआगाला ती वर्षभर फक्त बकऱ्यांचं विचारत होती. तेही बकऱ्यांकडे बघून.

मंगळवारी बादिनी आला. गाठ तशीच ठेवून पहिल्या पोत्याची शिवण उसवली, तोंडाशी हात घालून मूठभर तीळ पेल्यातल्या पाण्यात टाकले, ढवळले. तीळ तरंगले. तळाशी लाल वाळू आणि तीन खडे बसले.

"खंडे," बादिनी नाकातून म्हणाला.

दुसरं पोतं, खडे. तिसरं, खडे. आत्याने गाठ उचलून पाहिली. तिचीच. अखंड. "गाठ न सोडता घातले!" ती किंचाळली. "नोआगा, पोत्याला भोक कुठे पाडलंस?"

नोआगा शांत माणूस. पण वर्षभराचं साठलं होतं. तो उठला आणि सगळ्यांसमोर आत्या झाला. आवाज जरा जाड, बाकी हुबेहूब.

"हा बघा, मी चोर कसा पकडते!" मान तिरकी करून त्याने तीळ चावले. "हं. साफ आहे." पोत्यातली ओंजळ काढून अंगणात जमिनीवर ठेवली. "या हो आजोबा, घ्या हो आजोबा, पोट भरलं का हो आजोबा?" आम्ही हसून आडवे. मग त्याने दोन्ही हातांनी ती ओंजळ जमिनीवरून खरवडून उचलली, परत पोत्यात टाकली, आणि दाभण हातात घेऊन तसाच थांबला.

हसणं बंद झालं. सगळे त्या खरवडलेल्या लाल मातीकडे बघत होते.

"मावशी," बादिनी म्हणाला, "ती ओंजळ परत का भरता?"

"मग काय कोंबड्यांना देऊ?" आत्याचा आवाज अर्धा झाला होता. "पूर्वजांनी त्यातलं हवं ते घेतलं, की उरलेल्याला आशीर्वाद लागतो. पोत्यात जायलाच हवा ना."

"आशीर्वाद जपानला चालत नाही."

चाळीस गाठी आत्यानेच सोडल्या. प्रत्येक पोत्याचा वरचा टोपलाभर तीळ काढला. बादिनीने पोकळ सळई खुपसून तळापर्यंतचे नमुने घेतले. चाळीसही वेळा पाणी नितळ. संध्याकाळी ट्रक भरून गेला.

काढलेल्या तिळाचा ढीग अंगणात राहिला. पूर्वजांचा वाटा, यंदा पूर्ण. कोंबड्या जमायला लागल्या.

आत्या नोआगासमोर उभी राहिली. "घरचे बरे आहेत?"

"बरे आहेत, ताई."

"पीक? बकऱ्या? ती... सायकल?"

"सायकलही बरी आहे."

"मग बस इथे, कोंबड्या हाकल. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

ती घराकडे निघाली. दहा पावलं गेली, आणि वळून बघितलं.