आत्याने ग्रुप सोडला

नातेवाइकांत तिचं नाव ‘एक्स्चेंज’. भाचरं ‘एक्स्चेंज आत्या’ म्हणतात आणि तिचा नवरा, ती ऐकत नसेल तेव्हा, ‘बाईसाहेब’. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य काढलेली बाई. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. दिवा पेटला की ‘बोला’ म्हणायचं, इकडची वायर तिकडे खुपसायची आणि आपण बाजूला व्हायचं. किती लोकांची लग्नं, बाळंतपणं आणि भांडणं तिच्या हातून पलीकडे गेली, पण तिने त्यात कधी एक शब्द घातला नाही. ऑपरेटरने लायनीवर स्वतःचं काही बोलायचं नाही, हा तिथला नियम. नोकरी संपली, नियम अंगात मुरून राहिला. आजतागायत तिने कुणाला सहज म्हणून फोन लावलेला नाही. आलेल्या फोनवर ती तासभर बोलेल, पण तो यायला हवा.

अशा बाईला भाचीने स्मार्टफोन घेऊन दिला आणि ‘आपली माणसं’ नावाच्या ग्रुपात ढकललं. तिथे सकाळी फुलं, दुपारी लिव्हर साफ करायचे उपाय, संध्याकाळी कुणाची तरी नवी गाडी आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

“आमच्या वेळी एका लायनीवर तिसरा माणूस आला तर तक्रार व्हायची,” ती नवऱ्याला म्हणायची. “इथे अख्खं खानदान एका लायनीवर, आणि बोलत कुणीच नाही.”

“म्हणून मी बटणांचाच फोन वापरतो,” नवरा म्हणायचा. तो गोदामावर कारकून होता आणि आपल्या मागासपणाचा त्याला रास्त अभिमान होता.

ग्रुपात ती टिकून होती ती एका कारणासाठी. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या तिच्या थोरल्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. “तारीख ठरली की ग्रुपवर टाकतो,” दादा म्हणाला होता. हल्ली बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं तिथेच टाकायची पद्धत पडली आहे.

एका दुपारी तिचा नुकता डोळा लागला होता आणि फोन टिंग टिंग करायला लागला. थांबेचना. ‘लिव्हर जळो तुमचं’ असं पुटपुटत तिने तो उचलला आणि आवाज बंद करायला म्हणून काहीतरी दाबलं. फोनने बारीक अक्षरांत काहीतरी विचारलं. तिने ‘हो’ म्हटलं. यंत्र विचारतंय म्हणजे भल्याचंच विचारत असणार. मग अशी छान शांतता पसरली, की ती थेट चहाच्या वेळेलाच उठली.

शांतता दुसऱ्या दिवशी टिकली, तिसऱ्याही. आठवडा झाला तशी ती बोचायला लागली. फुलं नाहीत, अंगठे नाहीत, आणि दादाची तारीखही नाही.

“अगं, लाव की फोन,” नवरा म्हणाला.

“तारीख ठरली की सांगणार होता तो. ठरली नसेल.”

“आणि ठरली असेल तर?”

“मग सांगायचं नसेल मला.”

हे बोलताना तिने टेबल इतकं जोरात पुसलं की नवऱ्याने आपला कप उचलून घेतला.

पुढे एकदा औषधांच्या दुकानात भाची भेटली. तिच्या हातात गुडघ्याचा पट्टा होता.

“हा कुणाला गं?”

“कमाल करतेस, आत्या,” भाची म्हणाली, हसली मात्र नाही. “बाबांचं ऑपरेशन होऊन घरीसुद्धा आले ते. राग होता तर निदान त्या दिवशी तरी निघायचं नव्हतंस.”

“कुठून निघाले मी?”

भाचीने फोन काढून वाचून दाखवलं. दादाने लिहिलं होतं : ‘उद्या सकाळी ऑपरेशन. खरं सांगू का, भीती वाटतेय.’ खाली भराभर आलेले जोडलेले हात. आणि त्या हातांच्या मध्येच एक करडी ओळ : आत्याने ग्रुप सोडला.

“आम्ही विचारणार होतो तुला. बाबा म्हणाले, कुणी विचारू नका, तिची मर्जी.”

दादा जन्मात कधी ‘भीती’ हा शब्द बोलला नव्हता. शाळेत पोरांनी डोकं फोडलं तेव्हाही म्हणाला होता, खांबाला आपटलो.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “सोपं आहे. फोन बिघडला होता म्हणून सांग. बिघडतातच फोन.”

तिला ते पटलंही होतं. एक्स्चेंज आत्याने चुकून लाइन तोडली, हे खानदानभर होण्यापेक्षा फोन बिघडलेला बरा. तिने नंबर लावला. तो तिला पाठ होता.

पलीकडे फोन उचलला गेला.

“दादा, मी.”

“नाव दिसतं इथे.”

“ते ग्रुपचं...” फोनवर खापर फोडायचं वाक्य ओठांवर तयार होतं. “माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं.”

“तुझ्याकडून? थापा मारू नकोस. लाज वाटली असेल माझी, तर तसं सांग.”

“अरे, वाचलंच नव्हतं मी! फोनने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. दिसत नाही रे मला ती अक्षरं.” नवऱ्याची मान वर झाली. हे त्यालाही नवीन होतं. “वर्ष होत आलं. मधोमध डाग दिसतो. फुलंच काय ती कळतात.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“नाही.”

“का?”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू जे लिहिलं होतंस ना,” ती शेवटी म्हणाली, “तेच.”

दादाने घसा साफ केला. “ऑपरेशनच्या टेबलावर आडवं केलं की छत फार जवळ आल्यासारखं वाटतं. बाकी काही नाही त्यात. उद्या जाऊ आपण.”

“तू? त्या गुडघ्यावर?”

“रिक्षा आहे, काठी आहे. पाट्या मी वाचतो. जिन्यावर तू धर मला.”

“आणि डॉक्टरने काही भलतं सांगितलं तर?”

“तर सांगेल. आपण दोघं असू. दहाला तयार राहा, आणि हे ग्रुपवर टाकू नकोस.”