तलावाचं पुस्तक कुठे मिटलं

बाळांनो,

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच सांगितलंत की ती तलावाची मालिका तिकडे बसून दोन दिवसांत पाहून संपवली, आणि आता आजीने मूळ पुस्तक पाठवावं. वाचनालयात आहे ना, मग तेच पाठव, असं धाकटीचं म्हणणं. पुस्तक पाठवीन, पण नवं कोरं मागवून पाठवीन. वाचनालयातलं देणार नाही. का देणार नाही, हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तुमच्या आईने मध्येच जेवायला हाक मारली असती. म्हणून लिहिते आहे. हे आईकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यालाही कारण आहे, ते पुढे येईल.

शाळेतली इंग्रजीची नोकरी संपली आणि आमगावातल्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली. पहिल्या उन्हाळ्यातच मी सगळी कपाटं उतरवली. पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, पाठीवर क्रमांक चिकटवले. त्यात एकाच लेखकाच्या अकरा भयकादंबऱ्या होत्या. वाचनालयातली सर्वांत मळलेली, सर्वांत वाचलेली पुस्तकं तीच. प्रत्येकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकडेच आकडे. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले. तिथे पुस्तकावर रेघ दिसली तर बोटांवर पट्टी बसायची. मी खोडरबर घेतलं आणि चार दुपारी बसून अकराही पुस्तकांची शेवटची पानं स्वच्छ केली. काम नीट केलं याचं मला समाधानही वाटलं.

ते आकडे काय होते, हे मला पावसाळ्यात कळलं. या पुस्तकांच्या वाचकांची एक रीत होती. वाचता वाचता भीतीने ज्या पानावर पुस्तक मिटलं, त्या पानाचा आकडा शेवटी लिहायचा आणि बाजूला आपली खूण करायची. न मिटता शेवटपर्यंत गेलेला माणूस त्यांच्या लेखी खोटारडा. मी सगळं खोडलं तेव्हा कोणी एका शब्दाने बोललं नाही, कारण मी म्याडम. सगळ्यांनी गुपचूप पुन्हा लिहायला सुरुवात केली.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ही मंडळी वाचनालयात जमत. दोघं ठरलेले. एक रेल्वेतून निवृत्त झालेले पॉइंट्समन, दुसरे कापडवाले भाऊ, जे मराठी वाचत आणि हिंदीत भांडत. पुस्तकांची नावं कोणी घेत नसे. तलावाचं, पाळण्याचं, फाटकाचं, एवढ्यावर काम भागायचं. फाटकाच्या पुस्तकावर पूर्वी एक सिनेमा निघाला होता. पॉइंट्समन त्याचं नाव निघालं की चिडायचे.

"फाटकाचं हँडल उलटं फिरवते तो गेटमन! उलटं फिरवलं तं फाटक उघडते. गाडी येऊन राहिली अन् हा फाटक उघडून राहिला. भुताची गरजच काय मंग, तसेच मरतीन लोक."

"अरे भाई, सिनेमा है. थिएटरमध्ये पब्लिक ओरडली, तेवढं बस झालं."

"ओरडली न? मिटता आलं काय कोणाले? पुस्तक मिटता येते. सिनेम्यात काय मिटता, डोये?"

मी आधी या पुस्तकांकडे नाक मुरडत होते. मग एका बाजाराच्या दिवशी तलावाचं पुस्तक घरी नेलं. एका तलावात काहीतरी आहे आणि गावातली माणसं एकेक करून त्याच्याकडे जातात, एवढीच गोष्ट. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर कोरड्या ओसरीत ओल्या पावलांचे ठसे उमटतात. तिथे मी पुस्तक मिटलं, दिवसाउजेडी. दुसऱ्या दिवशी माझ्या सुवाच्य अक्षरात ८८ लिहिलं. कापडवाले म्हणाले, "आ गयी म्याडम लाइन पे." बहुतेकांचा आकडा तोच होता.

आता जिच्यामुळे हे लिहिते आहे ती. गावाबाहेर दोन कोसांवर एक वाडी आहे. तिथल्या एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. त्या घरची सून या मंडळींतली जुनी वाचक, पण मी किल्ली घेतली त्या सुमारास तिचं येणं थांबलेलं होतं. तिची सासू निरक्षर होती. दुपारी सासू अंगणात सुपाने तांदूळ पाखडायची आणि सून समोर बसून तिला ही पुस्तकं वाचून दाखवायची. भीती वाटली की सासू म्हणायची, मिट. मग सून शेवटच्या पानावर आकडा लिहायची आणि सासू पेन्सिल हातात घेऊन बाजूला स्वतःची खूण करायची, एक मासोळी. दहा पुस्तकं दोघींनी अशी संपवली. अकरावं तलावाचं. त्यात एका पानावर सासू मिट म्हणाली, मासोळी काढली, आणि नंतर आजारी पडली ती उठली नाही. जाण्याआधी सुनेला बजावून गेली होती, "माह्याबिगर पुढं वाचशील तं पाहाय!" पुस्तक घरच्यांनी वाचनालयात परत आणून टाकलं. मग मी त्याला खोडरबर लावलं.

तलावाच्या पुस्तकावर हिंदी मालिका येणार, असं कापडवाल्यांनी मोबाईल नाचवत जाहीर केलं, त्याच्या पुढच्या बाजाराला ती सून आली. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. वय साठीकडे झुकलेलं, हातात भाजीची पिशवी.

"म्याडम, तलावाचं पुस्तक द्या. आता वाचाच लागते. या लोकाइच्या पोटात काई राहत नाई, शेवट सांगून टाकतीन."

तिने उभ्यानेच शेवटचं पान उघडलं. वर खाली पाहिलं. "इथं आमच्या बुढीची मासोळी होती. आकडा होता."

"सुरुवातीपासून वाचा ना," मी म्हटलं.

"आधीचं आमचं दोघीचं होय. ते मी एकटी वाचत नाई. जिथं बुढीनं मिटलं तिथून पुढचं तेवढं माह्यं."

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, पेन्सिल पुसट झाली असेल, नीट पाहून ठेवते, पुढच्या बाजाराला या. घरी येऊन मी विचार केला तो असा: सगळे ८८ वर मिटतात, मीही मिटलं, तेव्हा त्या सासूबाईंनीही तिथेच मिटलं असणार. तिला एक पान हवं आहे, तर मी ते देते, म्हणजे चूक निस्तरली. मी मऊ पेन्सिलीने एक मासोळी काढली, बाजूला ८८ लिहिलं आणि बोटाने थोडं पुसट केलं. चित्रकला मला शाळेपासून चांगली येते. खवले, कल्ले, शेपूट, सगळं होतं.

ती आली. पॉइंट्समन आणि कापडवाले बसलेले होतेच. तिने पान उन्हाकडे धरलं.

"हे कोणाची होय?"

"तुमच्या सासूबाईंची."

"आमच्या बुढीच्या मासोळीले शेपूट नव्हती. शेपूट काढली तं पळून जाते म्हणे." मग माझ्याकडे पाहून, "म्याडम, हे तुमी काढली न?"

"हो."

"काऊन?"

"कारण खरी मी खोडली. मला रीत माहीत नव्हती."

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "खोडलं ते माहीत नव्हतं म्हणून. हे तं माहीत असून काढली." पुस्तक टेबलावर ठेवून ती गेली. पॉइंट्समन खिडकीबाहेर पाहत राहिले. 

पुढचे दोन बाजार ती आली नाही. मालिका सुरू व्हायला आठवडा उरला. तुम्ही मला ओळखता, मला अर्धवट काम घरात ठेवता येत नाही. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि ऑटोने वाडीवर गेले. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच घर. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. बसा म्हणाली, कारण दारात आलेल्याला बसा म्हणतातच.

मी म्हटलं, "पुस्तकाचा आधीचा भाग तुम्ही एकट्या वाचणार नाही, हे कळलं. मग मला वाचून दाखवा, पहिल्यापासून. मी सूप घेऊन समोर बसते. ती जागा आली की तुम्हाला कळेल."

"तुमाले पाखडता येते काय?"

"नाही."

"मंग सूप कायले घेता?"

"तुम्ही सांगाल ते करीन."

ती पहिल्यांदा हसली, माझ्याबरोबर नव्हे, माझ्यावर. "खोडलं तुमी, तं ऐका तुमी," म्हणाली आणि हात पुसून पुस्तक घेतलं. सूप माझ्या मांडीवर नुसतं ठेवलेलं.

चार दुपारी मी गेले. ती वाचायची कशी, तर कीर्तनासारखी नव्हे, चढउतार नाही, एका लयीत. शाळेत मी मुलांना भाव देऊन वाचा म्हणून शिकवलं, ते किती कमी होतं हे मला त्या अंगणात कळलं. पानं उलटताना शिवणीतून तांदळाची बारीक तुसं, पूर्वीच्या पाखडणीची, खाली पडत होती. मी कव्हर घातलं, आकडे खोडले, पण पानांच्या सांध्यात ब्रश फिरवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. अठ्ठ्याऐंशीवं पान आलं, ओल्या पावलांचं. मी श्वास धरून बसले. ती सरळ पुढे वाचत गेली. "इथं बुढी हसली होती," मध्येच म्हणाली. "म्हणे, पाय पुसले असते तं बरं होतं."

चौथ्या दुपारी १३१ वर पोचलो. तिथे नायक त्या तलावातलं जे काही आहे ते बाहेर काढायला तलाव रिकामा करायचं ठरवतो, आणि कुदळ घेऊन पाळ फोडतो. हा भाग मी पूर्वी भरभर वाचून टाकला होता. मला तो पुढच्या भुताकडे जायचा रस्ता वाटला होता. ती थांबली. बोट ओळीवर तसंच.

"इथं," म्हणाली. "इथं सूप खाली ठेवलं तिनं. म्हणे, पाळ फोडली यानं! खाली लोकाइचं धान उभं आहे. भूत बिचारं एकाले धरते, हा तं गाव बुडवून राहिला. मिट, मिट."

मी पुस्तक हातात घेऊन पुढची पानं उघडली. १३१ पर्यंत प्रत्येक सांध्यात तूस होतं. त्यापुढे एकाही पानात नव्हतं.

ती पदराने डोळे पुसत होती की घाम, मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तिनेच सूप माझ्या हातात सरळ करून दिलं. "असं नाई, पुढचं टोक वर. मनगट हालवा, खांदा नोको." मग ती पुढे वाचू लागली. शेवट काय होतो हे मला माहीत होतं, तरी तिच्याकडून ऐकताना माहीत नसल्यासारखं वाटलं. मी पाखडत होते आणि अर्धे तांदूळ अंगणात सांडत होते. कोंबड्यांची चंगळ झाली.

मालिका आम्ही सगळ्यांनी आमच्या घरी, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहिली. कापडवाल्यांनी जोडणी करून दिली. तुम्ही पाहिलीच आहे, तेव्हा वर्णन करत नाही. नायक हवेची नळकांडी पाठीला बांधून पाण्यात उडी मारतो, तिथे ती म्हणाली, "पाळ कुठं आहे याची?"

"वयनी, वो पहाडी झील है. पाळ नसते."

"पाळ नाई तं फोडीन काय? मंग भेव कायचं?"

पॉइंट्समन खूश झाले. आता फाटकाच्या सिनेमाबरोबर शिव्या द्यायला आणखी एक मिळाली. कापडवाले मात्र शेवटच्या भागात पाण्यातून हात येतो तिथे रिमोटवर झडप घालून चित्र थांबवून बसले, आणि तेवढ्यावरून आठवडाभर चिडवले गेले. तुम्ही विचारलंत की पुस्तक मालिकेपेक्षा भीतिदायक आहे का. आहे. पण तुम्हाला ती कोणत्या पानावर वाटेल, हे मी सांगणार नाही. नवं पुस्तक आलं की आईने वाचावं, तुम्ही ऐकावं, आणि जिथे वाटेल तिथे मिट म्हणावं.

मालिका संपली त्या दिवशी जाताना तिने वाचनालयाचं पुस्तक मागून घेतलं आणि शेवटच्या पानावर स्वतः पेन्सिलीने लिहिलं. मी खोडरबर काढलं, माझी खोटी मासोळी तेवढी पुसून टाकते म्हटलं. तिने पुस्तक छातीशी धरलं.

"राहू द्या, म्याडम. आता काई खोडू नोका."

ते पुस्तक वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर दोन मासोळ्या आहेत. शेपटीची माझी, ८८. बिनशेपटीची सासूबाईंची, सुनेच्या हातची, १३१. तुसं आता शेवटच्या पानापर्यंत आहेत.