कान धरायला लावणारे डॉक्टर

१९९९ च्या जानेवारीत, बाजाराच्या दिवशी, भोकरदनमधील एका डॉक्टरांनी आपल्या पेशंटला चालू असलेले औषध बंद करायला सांगितले. पेशंटला गुण येत होता. त्याची कसलीही तक्रार नव्हती. ते औषध कशापासून बनते हे डॉक्टरांना थोड्याच दिवसांपूर्वी कळले होते आणि तेच त्यांनी पेशंटला सांगितले. सांगितले नसते तर कोणाला पत्ता लागला नसता.

तालुक्यात त्यांना 'कानवाले डॉक्टर' म्हणत. ते कानाचे डॉक्टर नव्हते. एम.बी.बी.एस. होते, ताप, जुलाब, विंचूदंश, सगळेच पाहत. पण गुडघेदुखीचा पेशंट समोर बसला की ते आधी त्याला स्वतःचा कान धरायला लावत.

"वाकवा. आता सोडा. झाला सरळ? मोडला न्हाई, तुटला न्हाई. याला कूर्चा म्हणतात. गुडघ्यात हाडांच्या टोकावर हिचीच चुलत बहीण बसलेली हाय."

दार उघडेच असे. बाहेर रस्त्यालगत बाक होता, त्यावरचे लोकही ऐकता ऐकता कान धरत. बाजारहाट करून जाणारे थबकत. "काय हो पाटील, गृहपाठ न्हाई केला का?" असा प्रश्न मी त्या बाकावर बसून स्वतः ऐकला आहे. त्या काळात मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. दवाखान्याला लागून एस.टी.डी. बूथ होता. फोन लागेपर्यंत वेळ काढायला तो बाक सोयीचा होता.

औषध देण्याआधी ते पोटात गेल्यावर काय करते हे सांगायचे, असा डॉक्टरांचा नियम होता. घाईत असलेल्यालाही सूट नव्हती. यामागचे कारण ते एका वाक्यात सांगत. "आंधळ्याला न विचारता रस्ता ओलांडून देऊ नये. त्याला पलीकडं जायचंच नसंल तर?" या नियमापायी त्यांचे पेशंट कमी झाले. शेजारच्या गल्लीत एक सुई टोचली की दुखणे तासाभरात थांबत असे, तिथे कोणी काही समजावत बसत नसे.

डॉक्टर भोकरदनपासून जवळच्याच एका खेड्यातले. घर बौद्ध, आईवडील मजुरीला जाणारे. औरंगाबादला शिकून त्यांनी ऐंशीच्या दशकात भोकरदनला दवाखाना थाटला, तेव्हा पहिल्या वर्षी बाकावर त्यांच्याच वस्तीतले लोक जास्त दिसत. मग एक दिवस त्यांच्या गावचे, त्यांना शाळेत शिकवलेले निवृत्त शिक्षक आपल्या नातवाला घेऊन आले. गुरुजी गळ्यात तुळशीची माळ घालणारे, गावच्या भजनी मंडळातले वजनदार माणूस. त्यांच्यामागोमाग गाव आले. पुढे शेजारची गावे आली. डॉक्टर हे कधी लपवत नसत. "मला एम.बी.बी.एस. कॉलेजनं केलं. डॉक्टर गुरुजींनी केलं," असे ते म्हणत.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गुरुजींचा उजवा गुडघा बिघडला. ते दवाखान्यात आले तेव्हा डॉक्टरांनी सवयीने त्यांनाही कान धरायला सांगितले.

"अरे, हे मी तुला सांगायचो," गुरुजी म्हणाले.

"म्हणून तं मला लक्षात राह्यलं, गुरुजी."

गुरुजींनी कान धरला. लोक हसले. मग डॉक्टरांनी टेबलावरचे मोसंबे सोलून एक फोड त्यांच्या हातात दिली. घनसावंगी, अंबडकडची मोसंबी हंगामात त्यांच्या टेबलावर कायम असत, निम्मी खायला आणि निम्मी शिकवायला.

"दाबा हळूच. दबती, पण फुटत न्हाई. कारण आत पाणी हाय आणि ते बारीक पिशव्यांत धरून ठेवलेलं हाय. कूर्चेतबी तसंच. तिच्यात एक पदार्थ असतो. साखरेसारख्या कणांची लांब साखळी. त्या साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी ओढून घेतात. तुम्ही पाय टेकवला की पाणी दबतं, उचलला की परत भरतं. वय झालं की साखळ्या तुटतात, पाणी धरवत न्हाई. सुकलेलं मोसंबं कसं पोचट लागतं? तसं. मंग हाडाला हाड लागतं."

"म्हणजे वंगण संपलं," गुरुजी म्हणाले.

"वंगण न्हाई, गुरुजी. गाडी हाय का ती, ग्रीस भरायला?"

त्या सुमारास बाजारात एक नवी कॅप्सूल आली होती. तिच्यात कूर्चेत असतो तोच पदार्थ होता. डॉक्टरांनी ती गुरुजींना दिली, पण देताना तिची जाहिरात केली नाही. गिळलेला पदार्थ पोटातून उठून सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले. पोट त्याचे तुकडे करते. थोडाच भाग रक्तात उतरतो. तो सूज दाबतो आणि कूर्चा कुरतडणाऱ्या रसांना थोडा लगाम घालतो असे मानतात. झिजलेले परत उगवत नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि यायचाच तर दोन-तीन महिने लागतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचे.

बाकावरच्या एका पैलवानाने विचारले, "मंग मटणातलं कुरकुरीत हाड चावलं तं चालंल का, डॉक्टर? ते सस्त पडंल."

"खा की. पण गुडघ्याच्या भरवशावर खाऊ नको. त्याला पत्ताबी लागणार न्हाई."

तीन महिन्यांत गुरुजींना जिना उतरता येऊ लागला. कॅप्सूलबरोबर डॉक्टरांनी मांडीचा व्यायामही लावून दिला होता. गुण कशाने आला हे सांगता येणार नाही, असे डॉक्टर स्वतःच म्हणत.

चूक नंतर उघड झाली. औरंगाबादला डॉक्टरांच्या एका बैठकीत बोलणाऱ्याने सहज सांगितले की हा पदार्थ गुरांच्या श्वासनळीतून किंवा माशांच्या कूर्चेतून काढतात. कॅप्सूलचे वरचे टरफलही जनावराच्या हाडा-कातड्यापासून होते. खोक्यावर यातले काही छापलेले नव्हते. डॉक्टरांनी आपल्याकडे येणाऱ्या औषधविक्रेत्याला विचारले. त्याने चौकशी करून सांगितले, गुरांचे आहे.

डॉक्टरांनी ते कारखान्यात रसायनापासून बनते असे गृहीत धरले होते. पोटात गेल्यावर काय होते ते त्यांनी प्रत्येकाला सांगितले होते. पोटात जाण्याआधी ते कुठून आले, हे स्वतः विचारले नव्हते. आणि गुरुजी माळकरी होते. घरात अंडेही येत नव्हते.

दवाखान्यातले कंपाउंडर चाचा वयाने डॉक्टरांहून मोठे होते. त्यांनी सरळ तोड सुचवली. "साहेब, बोलायची गरजच काय? कंपनीनं माल बंद केला म्हणायचं. खल्लास."

"मंग इतकी वर्षं लोकांना कान कशाला धरायला लावले, चाचा?"

"गुरुजी गेले तं गाव जाईल."

"जाईल," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजी आले. त्या दिवशीचे बोलणे मला नंतर गुरुजींनी आणि चाचांनी वेगवेगळे सांगितले. दोघांचे जुळते.

"गुरुजी, ती कॅप्सूल आजपासून बंद करा."

"का रे? बराबर चाललंय की."

"ती गुराच्या श्वासनळीपासून करतात. वरचं टरफलबी जनावराचंच. मला ठाऊक नव्हतं. मी विचारायला पाह्यजे होतं, विचारलं न्हाई."

गुरुजींचा हात माळेवर गेला. "म्हणजे तीन महिने मी..."

"हो."

"तुला ठाऊक असतं तर?"

"तर आधी सांगितलं असतं. मंग घ्यायचं का न्हाई ते तुम्ही ठरवलं असतं."

गुरुजी उठले आणि निघून गेले. घरी जाऊन त्यांनी माळ उतरवली. गावात येणाऱ्या महाराजांना सगळी हकीकत सांगितली. अजाणता झाले त्याचा दोष लागत नाही, असे म्हणत महाराजांनी त्यांच्या गळ्यात माळ पुन्हा घातली. गुरुजी त्यानंतर महिनाभर भोकरदनला आले नाहीत.

गोष्ट गावातच राहिली नाही. भजनी मंडळाचे विणेकरी बसस्टँडजवळच्या हॉटेलात सर्वांसमोर म्हणाले, "डॉक्टरनं गुरुजींना हाडं चारली. मुद्दाम चारली." मुद्दाम या शब्दाचा अर्थ हॉटेलात बसलेल्या प्रत्येकाला कळला. डॉक्टरांची जात काढायची तेव्हा लोक तिचे नाव घेतच असत असे नाही. माळकऱ्यांनी दवाखाना सोडला. मग त्यांच्या घरच्यांनी सोडला. बाजाराच्या दिवशी बाक अर्धा रिकामा दिसू लागला. डॉक्टरांनी खुलासा केला नाही. फक्त प्रत्येक कॅप्सूल देताना तिचे टरफल कशाचे असते ते सांगायला सुरुवात केली. त्याने उरलेल्यांतले आणखी काही गेले.

फेब्रुवारीतल्या एका बाजाराच्या दिवशी गुरुजी काठी टेकत आले. एरवी चाचा त्यांना थेट आत नेत. त्या दिवशी त्यांनी नंबर लावला आणि बाकावर, रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यांच्या गावचे अनेक जण समोरून गेले. कोणी नमस्कार केला, कोणी मान वळवली. गुरुजी स्वतःहून प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. मान वळवलेल्यांना तर दोनदा.

नंबर आल्यावर ते आत गेले. चाचा दार ओढू लागले. गुरुजींनी ते उघडेच ठेवायला लावले आणि वर्गात बोलत त्या आवाजात म्हणाले,

"आधी कान धर."

डॉक्टरांना कळेना.

"तुझा. विचारायचं राह्यलं होतं ना? धर कान."

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी कान धरला. आधी चाचा हसले, मग बाकावरचे सगळे.

"सोड. झाला सरळ?" गुरुजी म्हणाले. "आता माझा गुडघा बघ. काय देतो, ते कशाचं हाय आणि पोटात जाऊन काय करतं, समदं मोठ्यानं सांग. बाहेर ऐकायला बसलेत लोक."

"गोळी न्हाईच देत, गुरुजी. मांडीचा व्यायाम वाढवायचा, वजन उतरवायचं. श्वासनळीबी न्हाई, हाडबी न्हाई."

"आणि फी?"

"ती मात्र मांसाहारी हाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी विणेकरी पत्नीला घेऊन आले. तिच्या दोन्ही गुडघ्यांना सूज होती. त्यांनी डॉक्टरांची माफी मागितली नाही, डॉक्टरांनी ती अपेक्षिलीही नाही. ते एवढेच म्हणाले, "हिला काय देणार ते कशाचं हाय, आधी सांगा." डॉक्टरांनी दोघांना कान धरायला सांगितले.

गुरुजींनी ती कॅप्सूल पुन्हा घेतली नाही. त्यांचा गुडघा पूर्ण बरा झाला नाही. पुढे त्या कॅप्सूलमधल्या औषधावर मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. डॉक्टरांनी ते वर्तमानपत्रातून वाचून बाकावरच्या लोकांना सांगितले.

डॉक्टर २००६ मध्ये हृदयविकाराने गेले. सकाळी बातमी आली तेव्हा दवाखान्यासमोर लोक नंबर लावून बसले होते. चाचांनी सांगितल्यावरही बराच वेळ कोणी उठले नाही. त्यांच्या गावी बुद्धविहारात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी गुरुजी होते.