पंपाचा दांडा

"घाईत भरलेलां घाईतच खाली येता."

धोंडू म्हापसेकर हे वाक्य दिवसातून दहादा म्हणायचा. कुणी मोठा घास घेतला तरी म्हणायचा, कुणी धावत आलं तरी म्हणायचा. त्यात माया नसायची. कुत्र्याला दगड मारावा तसं तो ते मारायचा.

माणूस वेंगुर्ल्याकडचा. पंधरा वर्षं परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होता. अठ्ठ्याहत्तर साली जॉबरशी भांडला, अंगातला सदरा झटकून बाहेर पडला आणि जुहूच्या विमानतळावर एका हेलिकॉप्टर कंपनीत पिंपं उचलायला लागला. सत्त्याऐंशी सालापर्यंत जमिनीवरचं सगळं काम त्याच्या हातात आलं होतं. तेलाची पिंपं, हातपंप, वारा दाखवणारी कापडी पिशवी, धुळीवर पाणी मारणं, माणसांना शेपटीच्या पंख्यापासून हाकलणं, सगळं तोच बघायचा. आम्ही चौघे त्याच्या हाताखाली होतो आणि चौघांनाही तो आवडत नसे. त्यालाही आम्ही आवडत नव्हतो, आणि हे तो रोज सकाळी न चुकता सांगायचा.

हेलिकॉप्टरचं तेल म्हणजे रॉकेलचं सख्खं भावंड. त्याचा वैरी एकच, पाणी. तेलही पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं, म्हणून डोळा फसतो. धोंडू पिंपाच्या तळातलं तेल लोणच्याच्या बरणीत काढायचा आणि त्यात विहिरीत टाकतात त्या पोटॅशचा एक खडा सोडायचा. खडा तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. तळाशी पाण्याचा थेंब जरी असला तरी पिकल्या जांभळासारखा रंग धरतो. कंपनीनं तपासायला परदेशी मलम दिलं होतं, ते केव्हाच संपलं होतं. धोंडूच्या खिशातली पुडी कधी संपत नसे.

त्याची बायको मालन जोगेश्वरीच्या चाळीत शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे स्टोव्हमध्ये रॉकेलसुद्धा बरणीत बघून जातं. चहाला नऊ वाजतात." एकदा त्यानं रेशनवाल्याच्या फळीवर जांभळी बरणी आपटली होती. तेव्हापासून तो दुकानदार त्याला रांगेत शेवटी उभा करायचा. धोंडू शेवटी उभा राहायचा आणि बरणी घेऊनच उभा राहायचा.

त्या वर्षी कंपनीला नवं काम मिळालं. एप्रिलभर बोरिवलीच्या डोंगरातले वणवे वरून पाणी टाकून विझवायचे. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली दोरावर नारिंगी बादली लोंबायची. ती तळ्यात बुडवायची आणि आगीवर उलटी करायची. डोंगराच्या कुशीतल्या सपाट माळावर आमचा तळ पडला. धोंडूनं बारा पिंपं सावलीत आडवी निजवली, तोंडाची दोन झाकणं डावी-उजवीकडे एका पातळीत, म्हणजे ती आतून तेलात बुडालेली राहतात. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पाणी साचतं आणि संध्याकाळी पिंप थंड झालं की ते पाणी आत ओढतं. लोखंडसुद्धा श्वास घेतं, असं धोंडू म्हणायचा.

तळाचा मॅनेजर राजाराम कोरगावकर. त्याचे बूट पांढरे होते आणि त्या माळावर ते पांढरे ठेवणं हेच त्याचं मुख्य काम होतं. बादलीचा दोर झिजत चालला म्हणून नवा आणायला धोंडू दोन दिवस जुहूला गेला, तेवढ्यात राजारामनं पिंपं उभी करून तंबूपुढे रांगेत लावली. काम बघायला सरकारी पाहुणे यायचे होते. पिंपं परेडसारखी दिसावीत अशी त्याची इच्छा.

तळावर पाणी मारायला रतन नावाची बाई होती. तिचा पाडा डोंगराच्या पायथ्याशीच. उन्हात पिंपं तापलेली पाहून ती घाबरली. घरी माठाला गुंडाळतो तशी तिनं प्रत्येक पिंपाच्या डोक्यावर ओली गोणपाटं घातली आणि दोन दिवस ती ओली ठेवली. तिनं जिवापाड काळजी घेतली होती. कुणीही तिला थांबवलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धोंडू परतला तेव्हा रतनच्या पाड्याच्या वरचं गवत पेटलं होतं. जुहूहून भरून आणलेल्या तेलावर पायलट गिल्बर्टनं चार खेपा केल्या होत्या. आग अर्धी दबली होती. आता टाकी रिकामी होत आली होती, परत जुहूला पोचण्याइतकंही तेल उरलं नव्हतं. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते.

"भर लवकर," राजाराम म्हणाला.

धोंडूनं गोणपाटं पाहिली. एकाला बोट लावलं. मग पिंपाच्या तळातून बरणी भरली आणि खडा सोडला. खडा खाली गेला, आणि तळाशी दोन बोटं जांभळं पाणी उभं राहिलं. दुसऱ्या पिंपातही तेच. त्यानं बाराही पिंपं पाहिली, सगळी तशीच. आम्ही घामानं निथळत होतो, तो मात्र ढिम्म.

"नाय भरूचा," तो म्हणाला.

"चामड्यातून गाळून घे, पाणी वरच अडतं," राजाराम म्हणाला.

"चामडां एकदा भिजला की पाणी सोडता. जुहूहून दुसरी पिंपां मागवा. तीन तास."

"तीन तासांत डोंगराची राख होईल. तुझी अक्कल गिरणीतच ठेवून यायचीस ना."

"थयच होती. म्हणून बॉयलर फुटलो नाय."

गिल्बर्ट मालाडचा, तिशीतला, हसरा. आज हसत नव्हता. दारातून वाकून म्हणाला, "थोडंसंच आहे ना रे, धोंडू. एक खेप मारतो. रतनबाई रडतेय यार."

धोंडूनं बरणी त्याच्या नाकासमोर धरली. "ही एक खेप. झाडांच्या वर गेलंस की इंजिन ह्या पितला आणि बंद पडतला. मगे मेरी मातेक हाक मार. माका नको."

गिल्बर्टनं बरणीकडे पाहिलं आणि पट्टा सोडला नाही, पण हात मांडीवर ठेवले.

तेवढ्यात रतन धावत आली. "माझं घर जळतंय आणि तू बाटलीशी खेळतोस? पाणीच टाकायचंय ना आगीवर? मग आत थोडं पाणी गेलं तर काय बिघडलं, मेल्या?"

"ही गोणपाटां कोणी घातली?" धोंडूनं विचारलं.

राजाराम चटकन म्हणाला, "हिनं. हिलाच विचार."

"उभी कोणी केली?"

एका पाहुण्यानं खुर्ची जरा मागे सरकवली. राजारामचा चेहरा बुटांसारखा पांढरा झाला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझी नोकरी गेली असं समज. बाजूला हो. पंप ही पोरं मारतील."

आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघांनी पाय उचलला होता. समोर घरं जळायच्या बेतात होती आणि धोंडूचा राग आमच्या मनात नऊ वर्षांचा साचला होता.

धोंडू पंपाजवळ आमच्याआधी पोचला. खिळा काढला, दांडा उपसला आणि कमरेला खोचला. दांड्याशिवाय पंप म्हणजे नुसती नळी. मग त्यानं पिंपांवरची ओली गोणपाटं एकेक करून ओढली आणि मावली तेवढी खांद्यावर घेतली. पाणी त्याच्या सदऱ्यावरून ओघळत होतं.

"पाणी हय वाया घालवलंस," तो रतनला म्हणाला. "गवताची आग असल्या गोणपाटानंच मरता. तुमच्या बापजाद्यांनी कशान मारल्यानी? हेलिकॉप्टरान?"

त्याच्या हातातली बरणी त्यानं तिच्या पायाशी ठेवली होती, तिकडे रतन बघत होती. तिच्याच घागरीचं पाणी होतं ते, जांभळं झालेलं.

धोंडू धुराच्या दिशेनं निघाला. पळाला नाही. आगीकडे जातानाही तो घाई करीत नव्हता, आणि त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी कुणाचा आला नाही. राजाराम त्याला हाका मारीत होता, दांडा मागत होता. पाहुणे उभे राहून बघत होते. गिल्बर्टनं पट्टा सोडला, खाली उतरला आणि बंद पंख्याखाली उभा राहून बघत राहिला. रतननं उरलेली दोन गोणपाटं उचलली, पण ती लगेच गेली नाही. वाकडी मान करून, ओठ आवळून ती त्या माणसाच्या पाठीकडे पाहत होती, कमरेचा दांडा चालीबरोबर उन्हात लकाकत होता तिकडे.