ओटीत गेलेलं परदेशी संत्रं

फळांना पाहुणे म्हणून बोलवायचं आणि कैद्यागत कोंडून ठेवायचं, असला प्रकार मी जन्मात बघितला नव्हता.

आमच्या मोसंबीवाल्यांच्या गटानं जालन्याच्या कृषी प्रदर्शनासाठी परदेशातून लाल सालीची संत्री मागवली. फक्त दाखवायला! त्यासाठी आधी आयातीचा परवाना, मग तिकडच्या सरकारचा रोग नसल्याचा दाखला, मग विमानतळावर तपासणी, आणि वर हमीपत्र: फळ कापायचं नाही, खायचं नाही, कुणाला द्यायचं नाही; प्रदर्शन संपलं की अधिकाऱ्यासमोर मोजून जाळायचं. हमीपत्रावर सही कुणाची? माझी. बाकीच्यांचे हात काय मोडले होते देव जाणे.

शेवटच्या दिवशी अधिकारी आले. मोजलं तर एक संत्रं कमी. काचेच्या पेटीची किल्ली आमच्या एका सभासदाकडं होती. त्याला विचारलं तर म्हणतो कसा, "मॅडम, तुमच्या सासूबाई आल्त्या. त्यांनी मागितलं. घरच्या माणसाला न्हाई कसं म्हणावं?"

कपाळावर हात मारून घेतला आणि सासूबाईंना फोन लावला. त्या सकाळी लेकीला घेऊन प्रदर्शन बघायला आल्या होत्या. माझी ही नणंद वाटूरला दिलेली. दोनदा गर्भ पडल्यावर आता पुन्हा दिवस गेलेले. ते लालभडक फळ बघून सासूबाईंनी शेजारच्या स्टॉलवरून मूठभर तांदूळ मागून घेतले आणि तिथंच, भर गर्दीत, लेकीची ओटी भरली.

"आई, ते परत आणावं लागंल."

"लेकीच्या ओटीतलं परत मागतीस? अगं, वैरीण तरी मागंल का?"

"त्याच्यात रोग असला तर?"

"एवढं देखणं फळ, त्याला कशाचा आलाय रोग! कायबी बोलून राह्यलीस." फोन बंद.

अधिकारी म्हणाले, "सालीवर एखादी कीड असली आणि ती बागेत गेली, तर काय होतं ते मला काय विचारता? तुम्हीच बागवाल्या." डोकं असं सणकलं! पण माणूस खरं बोलत होता, हाच तर संताप. रोगानं पिवळी पडलेली मोसंबीची झाडं मुळासकट उपटताना मी बघितलीत. वाटूरला नणंदेच्या अंगणाला लागूनच तिची बाग आहे.

तशीच गाडी काढून वाटूरला गेले. संत्रं देवापुढं ठेवलेलं होतं. नणंदेनं सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, खरंच बाग जाईल?"

"जाऊ शकते, ताई."

तिनं एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्यानं संत्रं उचलून माझ्या हातात दिलं. "न्या. पण मी दिलं म्हणून आईला सांगू नका. तुम्ही हिसकून नेलं म्हणा."

म्हटलं, घ्या! हेही माझ्याच माथी.

प्रदर्शनाच्या मागं खड्ड्यात सगळी संत्री पुन्हा मोजून जाळली. अधिकारी खूश. "बिलकुल बराबर भरलं," म्हणाले. काय बराबर भरलं, माझं डोंबल! सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

नणंदेचे दिवस भरायला अजून अवकाश आहे. मी शिकलेली बाई, असलं काही मानत नाही. पण वाटूरचा फोन आला की मला तो उचलवत नाही.