हातभर मातीचा माळ

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी सांगितलंत, की उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे येऊन माळावर, अज्जांच्या समाधीवर, आंब्याचं रोप लावायचं आहे. रोप कोण आणणार, पाणी कोण घालणार, याची तुमच्यात वाटणीही झाली होती. मी तेव्हा फक्त "बघू" म्हणाले. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला जड गेलं तर बाबांकडून वाचून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. अज्जा माळावर नाहीत. ते तिथे का नाहीत हे कळायला आधी तो माळ कळायला हवा.

गडहिंग्लज सोडून कर्नाटकच्या हद्दीकडे निघालं की नदीकाठची काळी, उसाची जमीन मागे राहते. रस्ता चढू लागतो, तशी माती फिकट होत जाते. चढ संपतो तिथे आमचा माळ. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा सासूबाईंच्या तोंडून, म्हणजे अव्वांच्या तोंडून, त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं: सुण्णद होल. त्या घरात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात असायची. मला मराठी आणि इंग्रजी एवढंच येत होतं. मी 'सुन्न' ऐकलं, आणि शेताला असं नाव कुणी ठेवलं म्हणून विचारलं. अव्वा इतक्या हसल्या की त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अगं, सुण्ण म्हंजे चुना. पानाला लावत्यात त्यो. तुझ्या कालिजात पान खात न्हाईत व्हय कोण?"

चुन्याचं शेत, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या भागात सगळीकडे काळा कातळ, नाहीतर तांबडा जांभा. हा पांढरट दगडाचा तुकडा मध्येच कसा आला, हे मला कुणी कधी समजावून सांगितलं नाही.

लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा माळ बघायला गेलो तेव्हा डब्यातली लिंबाची फोड घेऊन अज्जा खाली बसले. एका खड्यावर त्यांनी ती पिळली. खड्यावर बारीक फेस आला आणि कान जवळ नेल्यावर चुरचुर ऐकू आली. "बघ, बोलतंय," ते म्हणाले. मी कोल्हापुरात कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, त्यांचं राजारामपुरीत पाइप आणि मोटारींचं दुकान. आमच्या दोघांच्याही कामाचा त्या माळाशी काही संबंध नव्हता. तरी जवळजवळ प्रत्येक रविवारी आम्ही तिथे जात राहिलो.

वरून पाहिलं तर माळ वाईट दिसत नाही. हिवाळ्यात गवत सोनेरी होतं, तरवड फुलतो, मातीत गोगलगायींचे पांढरे शंख सापडतात. तुमचे बाबा लहानपणी ते खिशात भरून आणायचे. पण कुदळ मारली की वीतभरावर ती वाजते. फार तर हातभर माती, तीही खड्यांनी भरलेली, आणि खाली दगड. तो दगडही सपाट नाही. कुठे वर आलेला, कुठे आत गेलेला. पाऊस कितीही पडो, दुसऱ्या दिवशी पायाला चिखल लागत नाही. पाणी फटींतून कुठेतरी खाली निघून जातं. विहीर खणून झाली, बोअर मारून झालं. पाइप विकणाऱ्याच्या शेतात पाइप नाही, यावरून भावकीतली माणसं अज्जांना चिडवायची. हुलगा आणि मटकी मात्र तिथे येत असत, कारण ती फारसं काही मागत नाहीत.

आंबा लावायचा प्रयत्न अज्जांनी केला होता. मोठे खड्डे घेतले, त्यांत नदीचा गाळ आणून भरला, कलमं लावली. आधी ती छान वाढली. मग मुळं गाळ सोडून पांढऱ्या थराला लागली आणि पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. याला शेतकरी केवडा पडला म्हणतात. जमिनीत लोह असतं, पण चुना ते झाडाला घेऊ देत नाही. अज्जांनी औषधं फवारली. पानं थोडी हिरवी व्हायची, पुन्हा पिवळी. शेवटी कलमं वाळली, ती आम्ही सरपणाला दिली. तुमच्या रोपाचंही तेच झालं असतं.

या सगळ्या माळावर एकच खोल जागा होती. दोन दगडांच्या मध्ये एक खळगा होता, त्यात कित्येक पावसाळ्यांची माती साचलेली. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, पण आपल्यात, लिंगायतांत, माणूस गेल्यावर जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात, भोवती विभूती आणि मीठ घालतात आणि माती देतात. झोपलेल्या माणसाला लागतो त्यापेक्षा बसलेल्या माणसाला खड्डा खूप खोल लागतो. त्या खळग्यात तुमचे पणजोबा, म्हणजे माझे मामंजी, बसले, नंतर त्यांच्या शेजारी अव्वा. दोघांच्या समाध्यांवर दगडी चौथरे आहेत.

अज्जा त्या चौथऱ्यांजवळच डबा उघडायचे. बाजूच्या मातीवर हात थापटून म्हणायचे, "ही जागा माझी. रुमाल टाकून ठेवलाय समज." एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. मी म्हणायचे, "अहो, जेवताना कसलं बोलता?" ते म्हणायचे, "मग कधी बोलू? बसल्यावर?"

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. दुकानाचं काही विचारलं नाही, घराचं नाही. "माळावर ने," एवढंच दोनतीनदा म्हणाले. मी हो म्हणाले.

ते गेले त्या सकाळी माझे दीर, तुमच्या बाबांचे चिकप्पा, भावकीतली माणसं घेऊन माळावर पुढे गेले. आम्ही कोल्हापुरातून टेम्पोने निघालो. अज्जांना खुर्चीत बसवलं होतं, पाठीला आधार, गळ्यात हार. आम्ही पोचलो तेव्हा खड्डा तयार असेल असं मला वाटत होतं. दीर बांधावरच उभे होते.

"वैनी, खडक लागला."

"किती खाली?"

"खाली कुठलं? गुडघ्यालाच."

खळगा आम्हा सगळ्यांना वाटत होता तेवढा रुंद नव्हता. अव्वांच्या समाधीपलीकडे दगड परातीच्या काठासारखा वर येत होता. दोघांनाच तिथे जागा होती. मग माणसांनी तिथल्या एका कडुलिंबाजवळ खणून पाहिलं, मग बांधाकडे. दोन्हीकडे तेच. कुणीतरी जेसीबी बोलावला. त्याची बादली दगडावर घासली की दातांत कळ यावी असा आवाज होई. बराच वेळ खटपट करून चालक खाली उतरला.

"दात घसरायलेत की, पावणं. ह्येला खडक फोडायचा ब्रेकर लागतोय. त्यो आज मिळायचा न्हाय."

विधी करायला आलेल्या जंगमस्वामींनी उन्हाकडे पाहिलं. सूर्य मावळायच्या आत माती द्यायला हवी, असं ते हळूच म्हणाले. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आडवंच ठेवूया का मग? बसंल तेवढ्यात."

दीर त्यांच्यावर ओरडले. "आमचं अण्णा काय झोपायला आल्यात व्हय हितं?"

मग ते स्वतः सगळ्यात खोल खड्ड्यात उतरले आणि उभे राहिले. त्यांची कंबरसुद्धा आत गेली नाही. तुमचे बाबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना तिकडून निघून वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. फोन धरणाऱ्या माणसाचा हात खाली आला होता, त्यामुळे त्यांना नुसता जेसीबीचा टायर दिसत होता. "आई, काय चाललंय?" ते सारखे विचारत होते. "आई, झालं का?"

मी दिरांना म्हणाले, "चला, गावात नेऊ."

"वैनी, त्यांनी सांगितलं हुतं."

"मला माहीत आहे. चला."

टेम्पो माळावरच वळवला. गावाची रुद्रभूमी नदीकाठी आहे, सगळी काळी जमीन. तिथे पुढे गेलेल्या माणसांचा खड्डा आम्ही पोचेपर्यंत होतही आला होता. माती काढावी तेवढी निघत होती. अज्जांना बसवलं, डोक्यावर पुरेशी माती आली, दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. सगळे म्हणाले, व्यवस्थित झालं.

ती जागा सगळ्या गावाची आहे. तिथे चौथरा बांधू देत नाहीत, नावाचा दगड लावू देत नाहीत. मातीचा उंचवटा होता, त्यावर मी कण्हेर लावावी म्हणत होते. पुढच्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली आणि रुद्रभूमीवर पसरली. पाणी उतरलं तेव्हा सगळीकडे सारखा गाळ होता. मी गेले तर दीर एक जागा दाखवत होते आणि जंगमस्वामी दुसरी. मी दोन्ही ठिकाणी फुलं ठेवली. आता मी तिथे जात नाही.

तुम्ही विचाराल, मग नंतर ब्रेकर आणून माळावर नेता आलं नसतं का? आपल्यात एकदा बसवलेल्या माणसाला उठवत नाहीत. आणि आता कुठून उठवायचं, तेही कुणाला माहीत नाही. तेव्हा रोप लावायला म्हणून येऊ नका. भेटायला या. मी तुम्हाला माळावर घेऊन जाईन, पण तिथे अज्जांचं असं दाखवायला फारसं काही नाही.

दिरांनी त्या दिवशीचे खड्डे बुजवायचं मनात आणलं होतं. पण काढलेली माती होतीच थोडी, आणि ती पहिल्या पावसातच उतारावरून वाहून गेली. माळावर आज अव्वा आणि मामंजींच्या समाध्या आहेत, आणि शेजारी ते खड्डे आहेत, उघडे, तळाशी पांढरा दगड.