पाणीवाला दौलत, आमचा राईट बॅक

दौलत आज पहाटे गेला, आणि क्लबच्या ग्रुपवर पोरं विचारतायत, "कोण दौलत?"

उत्तर टाईप केलं. डिलीट केलं. तिथे लिहून उपयोग नाही. म्हणून इथे लिहितोय.

दौलत आमच्या क्लबचा राईट बॅक. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराचा. नगरमध्ये तेव्हा फुटबॉल म्हणजे भिंगारच्या वाटेवरचं मुरमाड मैदान. आमच्यासाठी फुटबॉल म्हणजे दौलत.

मी खेळाडू नव्हतो. कॉलेज बुडवून टचलाइनला पत्र्याचा डबा बडवणारा, एवढीच माझी लायकी.

मध्यंतरी क्लबने 'आमचे लेजंड' म्हणून मोठा बॅनर लावला. त्यात दौलत नाही. मी सेक्रेटरीला फोन केला. मुलगा चांगला आहे, उद्धट नाही.

"काका, त्यांचे गोल किती?"

"अरे, बॅक होता तो. गोल अडवणारा."

"मग ट्रॉफी कुठली जिंकली?"

"एकही नाही."

"मग मी कमिटीला सांगू तरी काय?"

मला फोनवर धड बोलता आलं नाही. राग आला की माझं असंच होतं.

आता ऐका.

दौलत राहुरीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. नगरला मामाकडे राहून गॅरेजात काम करायचा. तोंडाने फटकळ. भर मॅचमध्ये स्वतःच्याच गोलकीपरला शिव्या घालायचा.

पण समोरचा विंगर त्याच्या बाजूने सुटला की आम्ही डबा थांबवायचो. बुटाचा एक आवाज यायचा, आणि बॉल दौलतकडे. विंगर बसलेला असायचा.

मग आला दुष्काळ.

आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो. समोर पुण्याची तगडी टीम.

मैदान फरशीसारखं झालं होतं. पडलं की कातडी सोलून निघायची. म्हणून अध्यक्षांनी कुठून तरी वशिला लावून पाण्याचा टँकर आणवला. मैदानावर मारायला.

मैदानामागे वस्ती होती. टँकर दिसल्याबरोबर बायका हंडे घेऊन आल्या. कुणी काही मागितलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

दौलत जाऊन टँकरच्या नळापाशी उभा राहिला. कॅप्टन होता तो.

अध्यक्ष म्हणाले, "दौलत, बाजूला हो. दुपारी मॅच आहे."

"मारा की पानी. पर मग मला टीममधी धरू नका."

"अरे, तू कॅप्टन आहेस."

"म्हनूनच सांगतोय."

गोलकीपर भडकला. "दगडावर उडी मला मारायचीय, दौलत. तुला नाही."

त्याचंही खरंच होतं. पण दौलत नळापासून हलला नाही.

शेवटी टँकर वस्तीत गेला.

दुपारी मॅच झाली, कोरड्या मैदानावर. सेकंड हाफपर्यंत गोल नाही. मग एक लांब बॉल आला, मुरमावर आपटला आणि दौलतच्या डोक्यावरून गेला. त्यांचा फॉरवर्ड आत घुसला. दौलत वळला आणि मागून घसरत गेला.

बॉल मिळाला नाही. गुडघा गेला.

गोल झाला. मॅच गेली.

त्याला उचलून आणत होते तेव्हा आपलेच लोक ओरडत होते, "ए पाणीवाला! पाज आता पाणी!"

आपलेच लोक. ज्यांच्या घरात सकाळी ते पाणी भरलं गेलं, त्यांच्यातलेही काही होते त्यात. मला अजून त्याचा संताप येतो.

अध्यक्षांनी कॅप्टनपद काढून घेतलं. त्याला काही अर्थ नव्हता, कारण तो पाय पुन्हा सरळ झालाच नाही. वयाच्या पंचविशीच्या आत खेळ संपला.

आता तो मैदानाकडे फिरकणार नाही, असं आम्हाला वाटलं.

पुढच्या सीझनच्या पहिल्याच मॅचला लंगडत आला. गोलच्या मागे उभा राहिला आणि नव्या राईट बॅकला पूर्ण वेळ शिव्या घातल्या.

"आरं, बॉलकडं काय बघतुयास? मानूस धर!"

मग दर मॅचला. ऊन असो, टीम कितीही हरत असो. तो नवा बॅक पुढे जिल्ह्याकडून खेळला.

हळूहळू आम्ही डबे घेऊन त्याच्या शेजारी उभे राहायला लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. एखाद्या दिवशी त्याला उशीर झाला तर लोक विचारायचे, "पाणीवाला आला का?" तीच शिवी, पण आता आवाज वेगळा होता.

गोल करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. त्यातले काही नोकरी मिळाल्यावर मुंबईला गेले, त्यांना दोष नाही. त्यांच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या. दौलत आमचा होता. हा फरक बॅनरवर कसा छापतात, मला माहीत नाही. पण क्लब चालवणाऱ्याला तो कळू नये?

दिवाळीत त्याच्याकडे गेलो होतो. खाटेवर होता. मी विचारलं, "कधी वाईट वाटतं का रे?"

"लई वाटतं."

मला वाटलं, टँकरबद्दल बोलतोय.

"बॉल उसळनार हे ठाऊक हुतं मला. मागं सरकायचं, तर मी पुढं गेलो. गडी आत घुसला." हाताने गादीवर जागा दाखवली. इथे तो, इथे मी.

"आणि पाण्याचं?"

"त्याचं काय? बाया उभ्या हुत्या."

मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "फायनल जिंकायची हुती रं."



आज दुपारी अमरधामला नेणार आहेत. क्लबचं कुणी येईल का, विचारलेलं नाही. विचारणारही नाही. ज्याला यायचंय त्याने यावं.

दौलत, मित्रा, नीट जा. तुला माझा शेवटचा नमस्कार.